जावईबापूंचा पायगुण

वॉशरभाऊंच्या बायकोचा चेहरा पडद्यावर गोठला तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या आणि हातात उघडी कात्री. तिच्या ऑनलाइन शिवणवर्गातल्या बायकांना बराच वेळ हेच चित्र दिसत राहिलं. ते पुन्हा हललं तोवर ती शर्टाची बाही कापून मोकळी झाली होती. शिलाईसाठी कडेने थोडं कापड सोडायचं असतं, हे तिने मधल्या वेळात दोनदा समजावलं होतं, पण ते कुणापर्यंत पोचलंच नव्हतं. बायकांनी आपापल्या घरी बेधडक कात्री चालवली. त्या आठवड्यात बऱ्याच नवरेमंडळींना, हात आत गेला की बाहेर निघेना, असले शर्ट घालावे लागले.

एकदाच झालं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण संध्याकाळी वर्ग सुरू झाला, की नेटच्या अंगात आळस भरायचा. चित्र अडायचं, आवाज तुटायचा. एकेक बाई गळायला लागली. आणि नेमकं याच वेळी शिवणकाम शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या मॅडमनी निरोप पाठवला की शनिवारी दुपारी ऑनलाइन एक धडा घेऊन दाखवा. विषय, शर्टाची कॉलर. धडा पसंत पडला तर संस्थेत शिक्षिकेची कायमची जागा.

लोकांच्या पँटी आखूड करण्यात आणि फाटलेले खिसे लावण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. शिकवण्याची तिला मनापासून हौस होती, आणि हाताला वळणही होतं. ही जागा तिला हवी होती. इतकी हवी होती की त्याबद्दल ती फारसं बोलतही नव्हती.

"नेटवाल्याला बोलावू या," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

इथेच सगळं बिघडलं. कारण वॉशरभाऊ धंद्याने प्लंबर. नळ गळो, टाकी वाहो, नाहीतर कुणाचं ठरलेलं लग्न मोडो, कुठेतरी वॉशर गेलाय, हे त्यांचं पहिलं वाक्य, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. खरं नाव आठवायला आता त्यांनाही थोडा वेळ लागत असे. आख्ख्या वस्तीच्या लाइनी सांभाळणाऱ्या माणसाच्या घरात परक्याने येऊन लाइनीला हात लावायचा? लोक काय म्हणतील? पाणी असो की नेट, शेवटी काहीतरी एका टोकाकडून येतं आणि दुसऱ्या टोकाला मिळतं. मध्ये अडलं की ते मोकळं करायचं. त्यात शिकायचं काय असतं, असं त्यांचं म्हणणं.

हे गृहस्थ कामाला पक्के होते, त्याबद्दल दुमत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने, तुम्ही हात लावला म्हणून नळ गळायला लागला, असा आळ घेतला, तो त्यांच्या जिव्हारी लागला. तेव्हापासून ते प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर फोनवर व्हिडिओ काढत. तोही घाईगडबडीचा नाही. सावकाश, चहूबाजूंनी, बोलत बोलत. "हा बघा जोड. बोट फिरवतो. बोट कोरडं." मग ते कोरडं बोट कॅमेऱ्यासमोर बराच वेळ धरायचं. यासाठी त्यांनी चांगला मोठा फोन घेतला होता. जागा भरायची काळजी करू नका, घरी गेलात की सगळं आपोआप वर चढतं, असं दुकानदार म्हणाला, तेव्हा वॉशरभाऊ मिशीत हसले होते. पंपाशिवाय काही वर चढत नाही, हे त्यांना आता हा फोनवाला शिकवणार होता.

तर मंगळवारी त्यांनी निदान केलं. नेट संध्याकाळी मंद होतं, म्हणजे प्रेशर कमी. संध्याकाळी सगळी वस्ती नळ सोडते, नेटचंही तसंच. आणि प्रेशर वाढवायचं तर टाकी उंचावर हवी. त्यांनी टेबलावरचा राउटर उचलला आणि बाथरूमवरच्या माळ्यावर, पाण्याच्या टाकीला खेटून नेऊन ठेवला. परिणाम तात्काळ दिसला. स्वयंपाकघरातलं नेट पार गेलं, आणि सासूबाईंच्या मालिकेतली नायिका दार उघडता उघडता तशीच उभी राहिली.

सासूबाई म्हणजे बायकोची आई. त्या लेकीकडेच राहत आणि दिवसभर आपल्या टॅबलेटवर मालिका बघत. जावयाशी त्या अत्यंत अदबीने बोलत. जावयाला त्या अदबीचीच धास्ती वाटे.

बुधवारी राउटर माळ्यावरून उतरला. उंची हवीच, पण टाकी घराच्या मध्यावर हवी, असा सुधारित विचार झाला. त्यासाठी खांब हवा होता. बायकोच्या शिवणकामाचा एक पुतळा होता, नुसतं धड आणि मान, लोखंडी पायावर उभा. वॉशरभाऊंनी पुतळ्याचा पाय काढला, खोलीच्या मधोमध रोवला आणि त्यावर राउटर बसवला. धड कपाटाला टेकवून ठेवलं. शनिवारी कॉलर कुणाच्या मानेवर दाखवू, असं बायकोने विचारलं, तर टेकवलेलाच आहे की, मान कुठे गेलीय त्याची, असं उत्तर मिळालं.

मग त्यांची नजर केबलवर गेली. कपाटामागून, दाराच्या कडेने, कोपऱ्याकोपऱ्यात काटकोन करत ती येत होती. इतक्या वळणांवर आपटत येणारं नेट घरात पोचेपर्यंत दमणार नाही तर काय होणार. त्यांनी सगळी केबल सोडवली आणि प्लास्टिकच्या पाइपातून, दर वळणावर एल्बो, म्हणजे पाइपाचा मोठा गोल वाकडा जोड, देऊन नव्याने फिरवली. दिवाणखाना पंपघरासारखा दिसू लागला. दारावरचा एल्बो सासूबाईंच्या कपाळाच्या बरोबर उंचीचा निघाला. टेंगूळ चोळत त्या म्हणाल्या की काम मात्र भक्कम झालंय हो.

शेवटी त्यांनी राउटर बंद करून चालू केला आणि नेट थोडा वेळ भरधाव चाललं. लाइनीत हवा अडकली होती, असं त्यांनी जाहीर केलं, दोघींकडून कबूल करून घेतलं आणि समाधानाने आंघोळीला गेले. अंग पुसून बाहेर येईपर्यंत नायिका पुन्हा दारात अडकलेली होती.

गुरुवारी सासूबाईंनी तोंड उघडलं. जावईबापू समोर नाहीत असं बघून, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, त्या लेकीला म्हणाल्या, "मी म्हणते असं नाही हं. पण दिवसभर माझी मालिका कशी लोण्यासारखी चालते. खाली यांची स्कूटर वाजली, जिन्यात पाय वाजले, की चाक फिरायला लागलंच. पायगुण असतो एकेकाचा."

पायगुण नवी नवरी घरात आली की काढतात. इतकी वर्षं झालेल्या जावयाचा पायगुण निघाल्याचं वॉशरभाऊंनी कधी ऐकलं नव्हतं. ते आतल्या खोलीत पाना घेऊन बसले होते, तो पाना त्यांच्या हातातून पडला. त्यांना फार लागलं. ज्याच्या पायगुणाने वस्तीतल्या कोरड्या नळांना पाणी आलं, त्याला हे घरात ऐकून घ्यावं लागावं. बायको हसली, म्हणून आणखी लागलं.

त्या रागातच त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. पाणी कुठे मुरतंय ते कळत नसेल तर घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटर बघायचं. मीटर फिरत असेल तर गळती आहे. बायकोचा लॅपटॉप बंद झाला, टीव्ही बंद झाला, सासूबाईंचा टॅबलेट त्यांच्या हातातून गोड बोलून काढून बंद केला. पडदे ओढले. मग वॉशरभाऊ खिशातून फोन काढून, त्याची बॅटरी लावून राउटरच्या पाठीमागे वाकले. नळ सगळे बंद, आणि हिरवा दिवा आपला लुकलुक, लुकलुक.

"गळती," ते हलक्या आवाजात म्हणाले. खरी गळती सापडल्यावर त्यांचा आवाज असाच हळवा होत असे.

आता प्रश्न होता कोण ओढतंय. ते वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंकडे गेले आणि आमच्या लाइनीला जोड मारलाय का, असं सरळ विचारून आले. शिक्षिकाबाईंनी त्यांना स्वतःचं नेट दाखवलं, ते वाऱ्यासारखं पळत होतं. मग, माझा स्वयंपाकघरातला नळ गळतोय, पण तो मी आता दुसऱ्याकडून करून घेईन, असं सांगून त्यांनी दार लावलं. वॉशरभाऊंनी घरी येऊन पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड त्यांनी घरच्या कर्त्या माणसाच्या नात्याने सर्वांत आधी स्वतःच्या फोनमध्ये घातला आणि मग बाकीच्यांना सांगितला. दिवा लुकलुकत राहिला.

शनिवार उजाडला. सकाळी एका शाळेतल्या सगळ्या मोऱ्यांचं मोठं काम होतं. वॉशरभाऊंनी ते चोख केलं, प्रत्येक जोडाचा व्हिडिओ काढला आणि दुपारी पाने, पकडी घेऊन पहाऱ्याला घरी हजर झाले. धड्याला वेळ होता, म्हणून बायकोने रंगीत तालीम घेतली. आतल्या खोलीतून ती बोलायची आणि सासूबाईंनी पुढच्या खोलीत टॅबलेटवर बघायचं. पहिल्याच वाक्याला ती गोठली.

बायको खुर्चीवर बसली. रडली नाही, पण टाचण्यांची डबी उघडून मिटून उघडत राहिली. ते बघून वॉशरभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. लोकांच्या घरातली कितीही मोठी गळती बघून त्यांनी तो कधी ठेवला नव्हता.

"जावईबापू," सासूबाई अदबीने म्हणाल्या, "जरा खाली जाऊन या."

एरवी ते भांडले असते. आज मुकाट्याने उतरले. रस्त्यावर जाऊन स्कूटरशी उभे राहिले, तर वरून गॅलरीतून सासूबाईंनी अंगठा वर केला. चालू. ते जिना चढून दाराशी आले. आतून हाक आली, बंद. पुन्हा खाली. अंगठा वर. टाकी भरली की नाही हे खालून ओरडून विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण गच्चीवरचा माणूस म्हणून सासूबाईंसारखं चटपटीत कुणी त्यांना भेटलं नव्हतं. पाच-सहा फेऱ्यांनंतर नक्की झालं, की जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत सगळं ठीक, आणि त्यावर दोन पायऱ्या चढल्या की नेटची दातखिळी बसते. त्यांनी चपला खाली काढून बघितल्या. पायगुण चपलेत नव्हता. अनवाणी पायांतच होता म्हणायचं.

वॉशरभाऊ जिन्यात मटकन बसले. बुद्धीला पटत नव्हतं, पण मीटर खोटं बोलत नाही. नशीबच असं, की बायकोचं भलं व्हायचं तर आपण उंबऱ्याबाहेर राहायचं. त्यांनी मान खाली घातली, रस्त्यावर आले आणि धडा संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं ठरवलं. येणारे जाणारे विचारत होते, किल्ली विसरलात का. ते हो म्हणत होते.

वर धडा सुरू झाला. मॅडम वेळेवर आल्या, संस्थेतल्या आणखी काही बायकांना घेऊन. बायकोचा आवाज गॅलरीतून खाली येत होता, ठाम आणि मोकळा. कापड कसं दुमडायचं, टोक कसं काढायचं, आत काय घालायचं. एक शब्द तुटला नाही. वॉशरभाऊ खाली उभ्या उभ्या कॉलर शिकले. मग धप्पकन आवाज झाला आणि वर शांतता पसरली. थोड्या वेळाने सासूबाई गॅलरीत आल्या. घाबरलेल्या होत्या, तरी अदब सुटली नव्हती.

"जावईबापू, पुतळा पडला. मान तुटली. ती म्हणते, कॉलर कुणाच्या तरी मानेवर दाखवायलाच हवी. माझी तर मेली मानच दिसत नाही. तुम्ही या वर."

"पण आई, माझा पायगुण..."

"तो खाली ठेवून या," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

वॉशरभाऊ जिन्याच्या वळणावर थांबले. पुढे गेले तर नेट जाणार, नाही गेले तर धडा जाणार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वॉशर आठवला नाही. आठवलं ते एवढंच, की दोष कशात आहे हे कळत नसेल तेव्हा सगळं सोडवायचं आणि नुसता पाइप तेवढा ठेवायचा. त्यांनी पान्यांची पिशवी खांद्यावरून काढली. खिशातली मोजपट्टी, किल्ल्या, फोन, सगळं पायरीवर मांडलं. पट्ट्याला लोखंडी बकल होतं, म्हणून पट्टा काढला. सदऱ्याला कॉलर होती, म्हणून सदराही काढला. मग बनियनवर, अनवाणी, एका हाताने पँट धरून, श्वास रोखून ते दोन पायऱ्या चढले. काही झालं नाही. आणखी चढले. दारात आले. बायकोचा आवाज चालूच होता.

ते खोलीत शिरले तसे मॅडम पडद्यावर पुढे झुकल्या.

"हे कोण?"

"हे माझे मिस्टर," बायको म्हणाली. क्षणभरच ती अडखळली. मग मापाची पट्टी त्यांच्या गळ्याभोवती टाकून तिने सरळ शिकवायलाच सुरुवात केली. "पुतळ्याची मान सरळ असते, माणसाची नसते. ही बघा. दिवसभर मोऱ्यांखाली वाकून ही मान पुढे आलीय. पुस्तकातल्या मापाची कॉलर हिच्यावर मागून उचलली जाणार. मग मागे किती द्यायचं आणि पुढे किती काढायचं, ते आता लावून बघू." असं म्हणून तिने टाचण्या ओठांत धरल्या.

वॉशरभाऊ डोळ्यांची पापणी न हलवता उभे राहिले. आपण घरात आहोत आणि तरी नेट चालू आहे, या आनंदाने त्यांना गहिवरून आलं होतं. मॅडम मान हलवत होत्या. बायका वहीत काढून घेत होत्या. कॉलर मानेवर अशी बसली, की जणू जन्मापासून तिथेच होती.

इतक्यात जिन्यात फोन वाजला. सासूबाई लगबगीने गेल्या आणि, जावयाची चीज जिन्यात पडलेली बरी दिसत नाही, म्हणून पायरीवरचं सगळं पदरात घेऊन आल्या.

पडदा गोठला. मॅडमचं तोंड उघडं राहिलं, ते तसंच उघडं राहिलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. वॉशरभाऊंनी मात्र मान न हलवता नुसते डोळे फिरवले. पाय तर मघापासून इथेच आहेत. मग आता नवीन काय आलं घरात? पिशवी, पट्टा, सदरा, किल्ल्या. आणि सासूबाईंच्या मुठीत फोन, त्याच्या पडद्यावर एक बारीक बाण, वर, वर, वर. शाळेच्या मोऱ्या, नळ, जोड, त्यांचं स्वतःचं कोरडं बोट, रोज घरी आल्या आल्या घरचं सगळं नेट ओढून निमूटपणे वर चढत होतं, पंपाशिवाय.

"आई," ते म्हणाले, "तो फोन घेऊन खाली पळा."

सासूबाई पळाल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही, जावई असं कधी बोलत नसत. त्या जिन्याच्या वळणाखाली पोचल्या असतील नसतील, तोच मॅडमचं तोंड मिटलं आणि त्या म्हणाल्या, "हं, तर मागचं टोक किती उचललंत?"

बायकोने डोळे पुसले आणि सांगितलं.

धडा संपला. वॉशरभाऊंनी टाचण्यांसकट खाली बसून आपल्या बायकोपुढे सगळा गुन्हा कबूल केला. आठवडाभर गळती शोधत होते ती त्यांच्याच खिशात होती, आणि ती शोधायला बॅटरी लावत होते तीही त्याच फोनची. बायको हसायला लागली ती थांबेना. हसता हसता तिने त्यांच्या मानेवरच्या टाचण्या काढल्या, एक टोचलीही. फोनचं ते वर चढणं कसं बंद करायचं हे दोघांनाही कळेना. तेव्हा फोनवाल्याचं दुकान सोमवारी उघडेपर्यंत फोनने जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत राहायचं ठरलं. सासूबाईंना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि, तुम्ही म्हणता तसं असेल हो, असं म्हणून टॅबलेट उघडला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. जागा तिला मिळाली होती. बायको भिंतीला टेकून ऐकत होती आणि वॉशरभाऊ तिच्याकडे बघत होते. मॅडमनी फक्त एक अट घातली होती. धडा समजला तो त्या मानेमुळे, तेव्हा ते गृहस्थ अधूनमधून वर्गाला लाभले तर बरं. बायको होय म्हणाली, मग नवऱ्याकडे बघून पुन्हा होय म्हणाली, आणि फोन ठेवून मुसमुसून रडली.

वॉशरभाऊंना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी दिवाणखान्यातले सगळे एल्बो उतरवले, केबल होती तशी लावली, पुतळ्याचा पाय पुतळ्याला दिला, राउटर टेबलावर ठेवला. दिवा संथ लुकलुकत होता. काम झालं होतं, आणि झालेल्या कामाचा पुरावा ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते हळूच खाली गेले आणि फोन घेऊन वर आले. "ही बघा लाइन," ते चहूबाजूंनी सावकाश फिरवत म्हणाले. "गळती बंद. बोट फिरवतो..."

आतून सासूबाईंचा अदबशीर आवाज आला.

"जावईबापू, जरा खाली जाऊन या."